दोन ठिपक्यांमधले अंतर

येत्या सोमवारी सकाळी माझी कवटी उघडणार आहेत. डाव्या बाजूला, कानाच्या वर, एक गाठ आहे. सर्जन तरुण आहे पण सरळ बोलतो. तो म्हणाला, गाठ निघेल. मात्र ती जिथे आहे तिथे माणसाचे शब्द असतात, त्यामुळे शुद्धीवर आल्यावर मी काय बोलेन, काय लिहीन आणि त्यातले किती समजून लिहिलेले असेल, हे तो आज सांगू शकत नाही. मी विचारले, गाठ आसपासच्या मेंदूपेक्षा कडक आहे की मऊ? तो म्हणाला, "ते हात लागल्यावरच कळेल, मॅडम." मेंदू किती मऊ असतो हे यंत्राने मोजण्यात मी सत्तावीस वर्षे घालवली, आणि माझ्या स्वतःच्या डोक्याचा निकाल शेवटी बोटानेच लागणार आहे. असो. सोमवारनंतर माझ्या सहीवर कोणीही शंका घेऊ शकेल, म्हणून आज मंगळवारी हे लिहायला घेतले. दुसरे कारण नाही.

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, अविवाहित. शिक्षणाने जनावरांची डॉक्टर, बारा वर्षे तोच धंदा केलेली, आणि छत्तिसाव्या वर्षापासून निवृत्तीपर्यंत मेंदू व मज्जारज्जू यांच्या ऊतींवर ताण आणि दाब यांचा काय परिणाम होतो याचे संशोधन केलेली. हे लिहिताना माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मी दडपणाखाली काही करत नाही हे मला ओळखणारे सर्व जण सांगतील, आणि बहुतेक जण ते तक्रारीच्या सुरात सांगतील. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

माझी बुद्धी ठिकाणावर आहे याचा दाखला नेहमीच्या डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी तेरा-तेरा वजा करून दाखवले. ते म्हणाले, "बाई, एवढं कायद्याला लागत नाही."

ज्यांचा उल्लेख पुढे येतो त्यांची पूर्ण नावे व पत्ते वकिलांनी वेगळ्या तक्त्यात घातले आहेत. इथे मी त्यांना रोज जे म्हणते तेच लिहिले आहे. अंमलबजावणी वकिलांनीच करायची आहे. मजकूर कमी करा असे त्यांनी दोनदा सुचवले. मी ऐकलेले नाही.

१. राहते घर. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, लिफ्ट नाही. हे घर मी माझ्या पुतणीला देते. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही, पण ती कर्त्या बाईसारखी स्वतः विकेल. तिच्या वतीने तिचे वडील व्यवहार करणार नाहीत. मागच्या खोलीची खिडकी पावसाळ्यात फुगते, ती खालून उचलून बंद करावी लागते. स्वयंपाकघरातल्या नळाखाली बादली ठेवली आहे ती हलवू नये. नळ दुरुस्त करणाऱ्याला मी चार वेळा बोलावले आणि चारही वेळा त्याने मला नळ कसा वापरावा हे शिकवले.

२. पुतणीचे वडील म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. त्याच्याबद्दल वेगळे कलम हवे.

मी दवाखाना सोडून पुन्हा विद्यार्थी झाले तेव्हा दादा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "इतकी वर्षं ढोरांच्या मागं हिंडलीस ते काय कमी होतं, म्हणून आता त्यांच्या डोक्यात शिरायला निघालीस?" सगळे हसले. मीही हसले, कारण वाक्य चांगले होते. मग तो म्हणाला, "लोकांना आम्ही सांगायचं काय?" त्यावर मी हसले नाही. त्यानंतर अकरा वर्षे आम्ही बोललो नाही. मला डॉक्टरेट मिळाली तेव्हा त्याने तार केली: अभिनंदन, गुरांचीच ना. ती तार मी जपून ठेवली आहे, कारण माझ्या कामाचे त्याने केलेले ते सर्वांत लांब वर्णन आहे.

दादाला मी माझी भिंतीवरची पदवी, चौकटीसह आणि काचेसह, देते. ती त्याने लावावी अशी अपेक्षा नाही. फेकायची असेल तर स्वतः उचलून खाली न्यावी. ती जड आहे.

त्या अकरा वर्षांत वहिनी दर रविवारी दुपारी, दादाचा डोळा लागला की, फोन करायची. आवाज बारीक करून विचारायची, "वन्सं, जेवलात का?" मी जेवले म्हणायचे. मग ती घरातले सगळे सांगायची आणि दादाने कूस बदलली की फोन ठेवायची. आईच्या दोन बांगड्या, कपाटातली सर्व पांघरुणे आणि माझे शिवणयंत्र मी वहिनीला देते. हे दादाच्या देखत द्यावे.

३. बँकेतली शिल्लक. दवाखान्याची बिले भागवून उरेल त्याचे दोन भाग करावेत. एक पुतणीला, एक मामांना. मामा माझे नातेवाईक नव्हेत. ते आमच्या प्रयोगशाळेतले परिचर होते. संचालकापासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. बावीस वर्षे ते पहाटे कत्तलखान्यात जात आणि मेंढ्यांचे, बैलांचे मेंदू आणि कणे डब्यात घालून सायकलवरून आणत. त्यांचे गुडघे त्या सायकलने खाल्ले.

४. जनावरांच्या दवाखान्याची पिशवी. खुरांचा चाकू, कानस, लांब नळीचा स्टेथोस्कोप, दोन सुया टोचायच्या बंदुका, खांद्यापर्यंतचे रबरी हातमोजे (एक फाटका). ही पिशवी मी ज्या दवाखान्यात नोकरी केली तिथे आता काम करणाऱ्या बाईंना द्यावी. त्या मला ओळखत नाहीत. मी एकदा बाहेरच्या बाकावर बसून त्यांना काम करताना पाहिले. त्या जनावराकडे बघण्याआधी त्याला हात लावतात. आम्हाला तसेच शिकवले होते: जनावर सांगत नाही, म्हणून आधी हात.

हा धंदा मी का सोडला हे दादाने कधी विचारले नाही, म्हणून इथे लिहिते. शाळेच्या शिपायाचा एक तपकिरी, लांबुडका कुत्रा होता. त्याचे मागचे पाय गेले. मी त्याची पाठ उघडली, मणक्यांतली सरकलेली चकती काढली आणि खाली मज्जारज्जू दिसला. मेंदूपासून कण्यातून शेपटीकडे जाणारी ती पांढरी दोरी. तिच्यावर मी बोट टेकवले. किती दाबले तर फार झाले, हे मला माहीत नव्हते. पुस्तकांत पाहिले, पुस्तकांनाही माहीत नव्हते. कुत्रा उठला नाही. शिपाई त्याला पोत्यावर घालून घेऊन गेला आणि जाताना म्हणाला, "बाई, तुम्ही तुमच्याकडून केलंत." मला ते वाक्य आवडले नाही. मी पुढचे सगळे आयुष्य त्या एका बोटाच्या दाबामागे घालवले.

५. खेचणी. हे मज्जारज्जूचे तुकडे ताणून बघण्याचे यंत्र आहे. सोनाराचा जुना काटा, एक बारीक आट्यांचा स्क्रू आणि दोन चिमटे यांपासून मी आणि मामांनी ते बनवले. संस्थेने नंतर परदेशी यंत्र घेतले आणि खेचणी भंगारात काढली. मी ती भंगाराच्या भावाने विकत घेतली, पावती ड्रॉवरमध्ये आहे. खेचणी मी मामांना देते. यामुळे, आणि तिसऱ्या कलमामुळे, मामांना या मृत्युपत्रावर साक्षीदार होता येत नाही. वकिलांनी हे समजावल्यावर मामा म्हणाले, "मग पैसेही राहू द्या, खेचणीही राहू द्या. मला सही करू द्या." मी म्हटले, सही करायला कोणीही मिळेल, खेचणीला तेल घालणारा मिळणार नाही. ते रागावले.

६. आता मुख्य कलम.

माझ्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात, कुलपात, एक निळ्या कापडी पुठ्ठ्याची वही आहे. ती माझी नाही. ती ठिपकीची आहे.

ठिपकी एकोणीस वर्षांपूर्वी माझी विद्यार्थिनी होती. हे नाव मी ठेवले, आणि कौतुकाने ठेवले नव्हते. तिला एक खोड होती. मामांनी आणलेला कणा उघडला की, रज्जू कापण्याआधी ती त्यावर काळ्या शाईचे दोन ठिपके लावायची, बरोबर पन्नास मिलिमीटर अंतरावर. मग कापायची. मग पुन्हा मोजायची. कापून काढलेला तुकडा थेट चिमट्यांत धरून ताणायचा, ही माझी पद्धत होती आणि जवळजवळ सगळ्यांची होती. ठिपक्यांत वेळ जायचा, आणि माझ्याकडे वेळ वाया घालवलेला चालत नसे.

एके दिवशी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, कापल्यावर ठिपके जवळ येतात."

"शाई पसरली असेल."

"शाई पसरली तर ठिपका मोठा होतो, मॅडम. जवळ येत नाही."

मामा खिडकीशी डबे धूत होते. ते हसले. मला राग आला तो त्या हसण्याचा. मी म्हटले, "पुन्हा कर." तिने पुन्हा केले. मी पुन्हा म्हटले. तिने एक्केचाळीस कणे केले. पन्नासाचे शेहेचाळीस, कधी साडेपंचेचाळीस, कधी साडेशेहेचाळीस.

याचा अर्थ कोणालाही समजेल असा आहे. जिवंत शरीरात मज्जारज्जू सैल पडलेला नसतो. तो सतारीच्या तारेसारखा दोन्ही टोकांना धरून थोडा ताणलेला असतो. कापला की आखडतो. मी आयुष्यभर आखडलेला तुकडा मोजला आणि ती त्याची मूळ लांबी धरली. त्या हिशोबाने मी एक तक्ता छापला: रज्जूला मूळ लांबीच्या दहा टक्क्यांपर्यंत ताण दिला तर इजा होत नाही. ठिपकीची मापे खरी असतील, तर त्या दहा टक्क्यांतले जवळजवळ नऊ शरीराने आधीच वापरलेले होते. माझा तक्ता ज्याला सुरक्षित म्हणत होता ते तुटण्याचे टोक होते.

तक्ता तेव्हा छापून आलेला होता. शल्यचिकित्सेच्या हातपुस्तकात तो घेतला जाणार असे पत्रही आले होते. मी ठिपकीच्या वार्षिक मूल्यमापनात लिहिले: मोजमापात शिस्त नाही, निष्कर्षांची घाई. त्या शेऱ्यावर तिची शिष्यवृत्ती थांबली. ती माझ्याकडे भांडायला आली नाही. एवढेच म्हणाली, "मॅडम, एकदा तुम्ही स्वतः ठिपके लावून बघा." वही संस्थेची मालमत्ता असते, या नियमावर बोट ठेवून मी वही ठेवून घेतली. ठिपकी आता दुधाच्या कारखान्यात आहे. टँकर आला की दुधात फॅट किती ते काढते.

तेरा वर्षांपूर्वी, सुट्टीत, संस्था बंद असताना, मी मामांना नऊ कणे आणायला सांगितले. ठिपकीची वही उघडून पुढ्यात ठेवली आणि स्वतः ठिपके लावले. नवव्या कण्यानंतर मी हात धुतले. मामांनी विचारले, "पोरीला कळवायचं ना?" मी म्हटले, "बघू." त्या "बघू"ला तेरा वर्षे झाली. मामांनी दरवर्षी एकदा विचारले. मग निवृत्त झाल्यावर विचारणे सोडले.

अजून एक गोष्ट आहे आणि ती मी वकिलांनाही आज प्रथम सांगत आहे. आठ वर्षांपूर्वी घोड्यांच्या एका डॉक्टरने फोन केला. माझ्याहून पुष्कळ लहान, कामाला चोख. एका शिंगराच्या मानेचा मणका निखळला होता. त्याने भूल देऊन मान ओढून मणका बसवला. ओढताना हातपुस्तकातला माझा तक्ता समोर ठेवला होता. शिंगरू मागच्या पायांवर पुन्हा उभे राहिले नाही. त्याने विचारले, "मॅडम, तक्त्याप्रमाणेच ताण दिला होता. माझं कुठं चुकलं?" मला कुठे चुकले ते माहीत होते. मी म्हटले, "जनावराचं वय कमी होतं." तो म्हणाला, "हो, ते लक्षात घ्यायला हवं होतं," आणि त्याने माझे आभार मानले.

असे किती झाले असतील, मला माहीत नाही. फोन एकाच माणसाने केला.

म्हणून: माझ्या मृत्यूनंतर वकिलांनी निळी वही ठिपकीच्या हाती द्यावी. वहीसोबत एक पत्र आहे. त्यात तक्ता चुकीचा असल्याचे आणि बरोबर माप ठिपकीने प्रथम घेतल्याचे मी लिहिले आहे. ते नियतकालिकाला, हातपुस्तकाच्या संपादकांना आणि संस्थेला पाठवावे. मी हे आधी का केले नाही, याचे कारण पत्रात दिलेले नाही. कारण एकच आहे, मला लाज वाटली, आणि नंतर आधी केले नाही याची लाज वाटली.

७. माझे शरीर. ते शरीरशास्त्राच्या विभागाला द्यावे. माणसाचा ताजा मज्जारज्जू सहसा मिळत नाही. दोन तासांच्या आत काढावा. बर्फात ठेवू नये, थंडीने ऊती कडक होते आणि माप खोटे येते. कापण्याआधी ठिपके लावावेत. वहिनीला हे अभद्र वाटेल. मी जवळजवळ चार हजार जनावरांचे केले आहे, स्वतःला वेगळा नियम लावणार नाही. विधी काही करू नयेत, शोकसभा तर नकोच. संचालक माझ्याबद्दल काय बोलतील हे मला तोंडपाठ आहे.

इथपर्यंत मंगळवारी लिहून झाले. पुढचे आज शुक्रवारी लिहीत आहे आणि त्याने वरचे एक कलम बदलते.

बुधवारी मामा आले. मी त्यांना सहावे कलम वाचायला दिले. त्यांनी चष्मा पुसून सावकाश वाचले आणि म्हणाले, "तिला दाखवलंत?" मी म्हटले, हे मृत्युपत्र आहे, दाखवायचे नसते. ते म्हणाले, "मॅडम, मी बावीस वर्षं तुमचे डबे वाहिले. हा डबा मी वाहणार नाही. तुम्ही चला."

गुरुवारी आम्ही दुधाच्या कारखान्यात गेलो. तपासणीची खोली मागच्या बाजूला आहे. ओल्या फरश्या, आंबूस वास, काचेच्या नळ्यांचे स्टँड. ठिपकीच्या डोक्यावर पांढरी टोपी होती. तिचे केस आता करडे झाले आहेत. ती पंचेचाळीस वर्षांची आहे, हे मला वजाबाकी करून माहीत होते, पण पाहिले नव्हते.

"दोन मिनिटं हं," ती म्हणाली. "मशीन फिरतंय." मग मामांकडे वळून, "मामा, गुडघे कसे आहेत?"

"आहेत जागेवर."

मामांनी एक खोका पुढे ओढला आणि मला बसवले. मी तिला कलमाची प्रत दिली. तिने ती उभ्यानेच वाचली. दोनदा वाचली.

"हे लागू केव्हा होणार?"

"माझ्यानंतर."

"आणि सोमवारी तुम्ही बऱ्या झालात तर?"

मी प्रत परत घ्यायला हात पुढे केला.

"नाही, म्हणजे हिशोबाने विचारते. अजून पंधरा वर्षं जगलात तर मी साठ वर्षांची होईन. तोवर तक्ता आहे तसाच? तोवर किती शिंगरं?"

"पोरी," मामा म्हणाले, "त्यांचं डोक्याचं ऑपरेशन आहे."

"कळलं मामा. माझंही काहीतरी होतंच की तेव्हा." मग माझ्याकडे बघून, आवाज न चढवता: "मॅडम, मेल्यावर खरं बोलायला काय लागतं? तेव्हा तुम्हाला कोणी तोंडावर विचारणार नाही. उलट सगळे म्हणतील, बाई शेवटी मोठ्या मनाच्या निघाल्या. मला ते ऐकायचं नाही. तेवढ्यासाठी मला माझी वही नको."

"मग मी काय करावं, तुझ्या मते?"

"माझं मत तुम्ही केव्हापासून विचारायला लागलात?"

मामा खिडकीबाहेर बघू लागले. यंत्र थांबले. तिने झाकण उघडून एकेक नळी उजेडाकडे धरली आणि शेजारी रजिस्टर घेऊन बसलेल्या मुलीला आकडे सांगितले. तीन आठ. चार शून्य. तीन आठ. एक नळी तिने परत लावायला बाजूला ठेवली; तिला आकडा पटला नव्हता. मी ते बघत बसले. तिच्या मूल्यमापनात मी काय लिहिले होते ते मला शब्द न् शब्द आठवत होते.

शेवटी ती म्हणाली, "उद्या माझी सुट्टी आहे. द्यायचंच असेल तर हातात द्या, चार माणसांसमोर. पत्र उद्याच्या तारखेचं हवं आणि पोस्टात पडल्याची पावती हवी. मी तपासून घेणार. आणि त्या घोड्यांच्या डॉक्टरांना तुम्ही स्वतः फोन करायचा."

परत येताना मी मामांना म्हटले, "फार बोलली ती." मामा म्हणाले, "कमी बोलली. एकोणीस वर्षांचं होतं."

आज सकाळी घोड्यांच्या डॉक्टरला फोन केला. मी म्हटले, तुमचे काही चुकले नव्हते, तक्ता चुकीचा होता, आणि तुम्ही विचारलेत तेव्हा मला ते माहीत होते. मग तो म्हणाला, "मी त्यानंतर मानेच्या केसेस घेणं सोडलं, मॅडम. आठ वर्षं दुसरीकडे पाठवतोय." त्याने फोन ठेवला. मी पुन्हा लावला नाही.

पत्र आजच्या तारखेने नव्याने लिहिले, तिघांना वेगवेगळे. कारण या वेळी दिले आहे. तिन्ही पत्रे स्वतः पोस्टात टाकली आणि येताना संस्थेच्या कार्यालयात एक प्रत देऊन आले. दुपारी एकला संचालकांचा फोन आला. ते म्हणाले, "बाई, एवढी घाई कशाला? बऱ्या व्हा, मग शांतपणे बघू." मी त्यांना सांगितले की हा शब्द मी तेरा वर्षे वापरला आहे आणि त्याचा काय उपयोग होतो ते मला ठाऊक आहे. सातव्या कलमात त्यांच्याविषयी लिहिलेले मी मागे घेत नाही.

सबब, सहावे कलम मी रद्द करते. मजकूर खोडू नये, वाचता यावा. फक्त त्यातून माझ्या मृत्यूनंतर कोणाला काही मिळायचे राहिलेले नाही. जे द्यायचे ते आज दिले. बाकीची कलमे कायम.

हे सर्व मी वाचून, समजून, स्वतःच्या हाताने लिहिले आहे. ओळ खाली झुकते ती गाठीमुळे. अर्थ झुकलेला नाही.

ठिकाण: माझे राहते घर, पुढची खोली.
दिनांक: ९ ऑक्टोबर २०१५, शुक्रवार, दुपारी चार.

सही (मृत्युपत्र करणारी)

आम्ही दोघांनी वरील सही आमच्यासमोर होताना पाहिली आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. या मृत्युपत्रातून आम्हाला काही मिळणार नाही.

साक्षीदार पहिले: नेहमीचे डॉक्टर. सही
साक्षीदार दुसऱ्या: तळमजल्यावरच्या औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई. सही

हस्तांतराची नोंद

आज वरील दोन साक्षीदार, वकील आणि मामा यांच्यासमोर खालील गोष्टी हातोहात दिल्या:

एक, निळ्या कापडी पुठ्ठ्याची वही, एक नग.
दोन, नियतकालिक, हातपुस्तकाचे संपादक व संस्था यांना आज पाठवलेल्या पत्रांच्या सहीच्या प्रती, आणि पोस्टाच्या तीन पावत्या.
तीन, एकोणीस वर्षांपूर्वीच्या मूल्यमापनाचा मूळ कागद. त्यावरचा शेरा खोटा होता असे मी आज त्याच कागदावर लिहून सही केली आहे.
चार, तेरा वर्षांपूर्वीच्या नऊ मापांची माझी टिपणे, चार पाने.

देणारीची सही

घेणारीने स्वतःच्या अक्षरात लिहिले ते असे:

"वरील चारही बाबी मिळाल्या. वही पानोपान तपासली, तपासायला पन्नास मिनिटे लागली, तोवर सर्व जण थांबले. पाने चौसष्ट, एकही फाटलेले नाही. एक्केचाळीसही नोंदी जशा मी लिहिल्या तशाच आहेत. शेवटच्या नोंदीखाली पेन्सिलीने 'बरोबर आहे' असे लिहिले आहे आणि तारीख तेरा वर्षांपूर्वीची आहे. ते अक्षर माझे नाही. सही."